हलवायचा नाही असा खुंटा

खुंटा रोवला की शेतकरी त्याला लगेच बैल बांधत नाही. आधी दोन्ही हातांनी धरून तो खुंटा हलवून बघतो. डगमगला तर बाजूला दगड ठोकतो, माती चेपतो, पुन्हा हलवतो. हलवून खुंटा बळकट करणे हा वाक्प्रचार इथूनच मराठीत आला, आणि पुढे वादात मुद्दाम शंका काढून मत पक्कं करण्यालाही तोच चिकटला. या प्रकरणातला खुंटा मात्र त्या जातीचा नाही. तो हलवला तर बळकट होत नाही, कायमचा कच्चा राहतो. टायटॅनियमचा असतो, जबड्याच्या हाडात बसवतात, आणि गावाकडे त्याला ‘स्क्रूचा दात’ म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी शब्द असतो इम्प्लांट.

त्याची गोष्ट मी बीड जिल्ह्यातल्या उमापूरला बसून सांगणार आहे. गेवराई तालुक्यातलं हे गाव शेवगाव-गेवराई रस्त्यावर आहे. काळी जमीन, कापूस, बाजरी, पाणी असेल तिथे ऊस. इम्प्लांटवरची बहुतेक पुस्तकं वाचताना डोळ्यांसमोर येतो तो शहरातला रोगी. दवाखाना दोन गल्ल्या सोडून, सांगितलेल्या दिवशी तपासणीला हजर, पुढचे सहा महिने राहण्याचा पत्ता तोच. उमापूरच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांचं वर्ष असं चालत नाही. दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. हाड भरून यायला लागणारे महिने आणि फडावरचे महिने एकमेकांत अडकले तर काय होतं, हे समजायचं असेल तर त्या स्क्रूची घडण नीट पाहावी लागते.

मानू या, उमापूरच्या एका पंचेचाळिशीच्या बाईंची खालची दाढ किडून काढावी लागली. वर्ष झालं. त्या एका बाजूनेच भाकरी चावतात. गेवराईच्या किंवा बीडच्या दवाखान्यात त्यांना तीन वाटा सांगितल्या जातात: काढघाल करायची कवळी, शेजारचे दोन दात घासून बसवलेला ब्रिज, किंवा हाडात स्क्रू बसवून त्यावर कॅप. तिसरी वाट सगळ्यांत महाग, अनेक हजारांची. खर्च ऐकून बहुतेक जण मागे फिरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण ज्यांनी पैसे साठवून ही वाट धरली, त्यांचा स्क्रू पहिल्या दोन महिन्यांत ढिला पडू नये, एवढी तरी काळजी घेता येते.

आपला खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक बारीक गादी असते, मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास जाडीची. बाजरीच्या भाकरीत खडा आला की आपण क्षणात थांबतो, ते या गादीतल्या संवेदनांमुळे. दाब आला की दात तिच्यात किंचित दबतो, उभ्या दिशेने साधारण २५ ते १०० मायक्रॉन. इम्प्लांटला ही गादी नाही. हाड त्याला थेट भिडलेलं हवं. चांगला बसलेला इम्प्लांट तेवढ्याच दाबाखाली जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतो. म्हणजे हाडाने धातूला आपलंसं करायला हवं. ते करू शकतं, हे माणसाला कळलं मात्र अपघाताने.

पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा स्वीडिश संशोधक १९५२ च्या सुमारास लुंडमध्ये सशांवर काम करत होता. हाडाच्या आत रक्त कसं वाहतं हे जिवंतपणी पाहण्यासाठी त्याने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेना. हाड धातूला असं धरून बसलं होतं की वेगळं करता येईना. दुसऱ्या कुणी कदाचित वैतागून नवी डबी मागवली असती. ब्रोनेमार्कने त्या न निघण्याचाच अभ्यास केला. पुढे योतेबोरीला त्याने १९६५ मध्ये योस्ता लार्सन या पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सनच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं आणि नीट चावण्याची सोय नव्हती. २००६ मध्ये तो वारला, तेव्हाही ते स्क्रू त्याच्या तोंडात काम करत होते. चाळीस वर्षांहून जास्त.

यात टायटॅनियमचं वैशिष्ट्य असं की हवेशी गाठ पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढतो, काही नॅनोमीटरचा. हाडाच्या पेशी खरं तर त्या थराशी सोयरीक करतात, आतल्या धातूशी नाही. या धातूचं कूळ आपल्याला परकं नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाय काळे करणारी जी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमचंच खनिज आहे.

ब्रोनेमार्कची शिस्त कडक होती. स्क्रू बसवायचा, वरून हिरडी शिवून तो पूर्ण झाकायचा, आणि खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्या जबड्यात पाच-सहा महिने त्याला कुणी हात लावायचा नाही. १९८२ मध्ये टोरोंटोला जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली, आणि स्वीडनबाहेरच्या जगाने हे काम खऱ्या अर्थाने मान्य केलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंद्रे श्रोडर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला होता, आणि त्याचे इम्प्लांट हिरडीतून वर डोकावत ठेवूनही हाड धरत होते. म्हणजे झाकणं हे मर्म नव्हतं. मर्म होतं न हलणं.

किती न हलणं? संशोधनातून जो आकडा पुढे आला तो ५० ते १५० मायक्रॉनचा आहे. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. भरून येण्याच्या काळात स्क्रू केसाच्या जाडीपेक्षा जास्त पुन्हा पुन्हा हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाड तयार होण्याऐवजी चिवट तंतूंचं आवरण तयार होतं. दुखत नाही, सूज येत नाही, बाहेरून सगळं ठीक दिसतं. फक्त कॅप बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी हात लावला की स्क्रू गरगर फिरतो. केसभर चूक असं आपण सहज बोलून जातो. इथे ती मोजमापानेच तेवढी असते.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. इम्प्लांटचं स्थैर्य एक नसतं, दोन असतात, आणि दोन्ही एकाच वेळी भरात नसतात.

पैठण-अंबडच्या पट्ट्यातल्या मोसंबीवाल्याला हे लगेच कळेल. खुंटाच्या सालीत डोळा भरला की तो पट्टीने घट्ट बांधतात. पहिले काही दिवस डोळ्याला धरून ठेवते ती पट्टी. आत पेशी जुळत जातात, रस वाहू लागतो, आणि मग पट्टी सोडली तरी चालते. पट्टीचा जोर आणि जोडाचा जोर, दोन्ही वेगळे. इम्प्लांटच्या बाबतीत पट्टीचं काम आटे करतात. स्क्रू पिळून बसवला त्या क्षणी तो घट्ट असतो, कारण आटे जुन्या हाडात रुतलेले असतात. ही निव्वळ सुताराची पकड. मग शरीर कामाला लागतं. आट्यांनी दाबलेलं, चिरडलेलं हाड शरीराला नको असतं, म्हणून हाड खाणाऱ्या पेशी ते कुरतडून साफ करतात. तेवढ्या प्रमाणात सुताराची पकड रोज सैल होत जाते. दुसरीकडे रक्ताच्या गाठीतून नवं हाड विणलं जातं, आधी घाईघाईत, गोधडीच्या टाक्यांसारखं विस्कळीत, पुढे काही महिन्यांत थरावर थर देऊन पक्कं. ही दुसरी पकड रोज वाढते.

जुनी उतरते आहे, नवी अजून चढलेली नाही. या दोन्हींच्या मध्ये एक खड्डा पडतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षा कमी घट्ट असतो. रोग्याला नेमकं याच वेळी वाटतं की आता बरं झालं, टाके निघाले, सूज गेली, चावायला हरकत नाही. इम्प्लांटच्या घडणीवर जगभर जो अफाट खर्च आणि विचार झाला आहे, त्याचा मोठा भाग हा खड्डा उथळ करण्यासाठी आणि लवकर ओलांडण्यासाठी झाला आहे.

पहिला प्रश्न हाडाचा. कार्ल मिश या अमेरिकी दंतवैद्याने जबड्याच्या हाडाचे चार प्रकार समजावताना लाकडांची आणि थर्माकोलची उपमा दिली होती. त्याची लाकडं तिकडची, ओक आणि बाल्सा. आपण आपली घेऊ. खालच्या जबड्याचा पुढचा भाग बाभळीसारखा, खिळा ठोकायला गेलं तर वाकेल असा. खालच्या दाढांकडे कडुनिंब. वरच्या जबड्याच्या पुढे पांगारा. आणि वरच्या दाढांच्या जागी, सायनसच्या पोकळीखाली, बऱ्याचदा थर्माकोलच. एकच स्क्रू या चारही ठिकाणी सारखा चालेल असं कोणताही सुतार म्हणणार नाही.

म्हणून आकार. सुरुवातीचे इम्प्लांट वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचे, नळीसारखे होते. आज बरेचसे खाली निमुळते होत जातात, आणि हे निमुळतेपण म्हणजे पाचर आहे. कुदळीचा दांडा हलायला लागला की त्यात पाचर मारतात, तसा निमुळता स्क्रू खाली जाता जाता बाजूचं हाड दाबत जातो. पांगाऱ्याच्या हाडात हे वरदान ठरतं. डॉक्टर भोकही मुद्दाम स्क्रूपेक्षा लहान पाडतात, म्हणजे मऊ हाड दाबून घट्ट होतं. पण हीच पाचर बाभळीच्या हाडात मारली तर तिथे हाड दबत नाही, त्याला बारीक चिरा जातात, आतल्या रक्तवाहिन्या मिटतात, आणि ज्या हाडावर भरवसा ठेवला तेच मरतं. पहिल्या दिवशी लोखंडासारखा घट्ट वाटलेला स्क्रू महिन्याने सैल का पडला, याचं उत्तर अनेकदा त्या अति घट्टपणातच असतं. कठीण हाडात शहाणा डॉक्टर आधी आटे पाडून घेतो, मगच स्क्रू फिरवतो.

भोक पाडतानाची उष्णताही इथेच सांगायला हवी. योतेबोरीच्याच संशोधकांनी १९८३ मध्ये सशांवर दाखवून दिलं की हाड एक मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसला राहिलं तरी त्याचं नुकसान होतं. उन्हाळ्यात गेवराईत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा आकडा फार दूरचा वाटत नाही. म्हणून ड्रिल धारदार, फिरणं संथ आणि वरून मिठाच्या पाण्याची धार. भोथरं ड्रिल कितीही चांगल्या इम्प्लांटचं नशीब आधीच बिघडवून ठेवतं.

मग आटे. ब्रोनेमार्कच्या स्क्रूचे आटे इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोकदार होते, एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.६ मिलिमीटर. आज चौकोनी कडांचे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरते, असे अनेक प्रकार आहेत. यामागचा हिशेब सरळ आहे. हाड दाब सहन करण्यात सगळ्यांत भक्कम आणि घासून सरकवणाऱ्या जोरापुढे सगळ्यांत दुबळं. चावताना वरून येणारा भार आट्याच्या तिरक्या कडेवरून घसरला तर हाडाला तो सरकवणारा जोर वाटतो. तोच भार सपाट कडेवर आला तर तो दाब होतो. मऊ हाडासाठी आटे खोलही हवेत, कारण तिथे आट्यांच्या मधे जेवढं जास्त हाड सापडेल तेवढी पकड. बाभळीच्या हाडात तेच खोल आटे आत जाता जात नाहीत आणि जबरदस्ती केली तर हाड फोडतात.

मला या साऱ्या विषयात सगळ्यांत सुंदर वाटणारी कल्पना आट्यांमधल्या मोकळ्या जागेची आहे. कितीतरी वर्षं सगळ्यांची समजूत होती की जेवढं हाड धातूला टेकलेलं तेवढं चांगलं. मग प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की जिथे आट्याच्या मुळाशी थोडी पोकळी सुटते, तिथे आधी रक्त साचून त्याची गाठ होते, आणि काही दिवसांतच त्या गाठीत नवं हाड विणायला सुरुवात होते. तिथे कुरतडून टाकायला चिरडलेलं हाडच नसतं. काम थेट उभारणीपासून सुरू होतं. जिथे धातू हाडात घट्ट रुतलाय, तिथे आधी पाडकाम आणि मग बांधकाम. म्हणून आज काही इम्प्लांट असे घडवतात की आट्यांची बाहेरची टोकं हाड पकडून ठेवतात आणि आतली मुळं मुद्दाम रिकामी राहतात. टोकं पहिल्या आठवड्यांची जबाबदारी घेतात. तेवढ्यात पोकळ्या भरतात. उतरणारी पकड आणि चढणारी पकड यांच्यामधला खड्डा या एका युक्तीने बराच बुजतो. इम्प्लांट रोवण्याच्या कामात रिकामी जागा ठेवणं हेही काम असतं, हे समजायला शास्त्राला तीसेक वर्षं लागली.

पृष्ठभागाचीही गोष्ट तशीच आहे. सुरुवातीचे स्क्रू लेथवर कातलेले, चकचकीत. नंतर त्यांच्यावर बारीक वाळूसारखे कण फवारून आणि वरून आम्ल लावून ते खडबडीत करायला सुरुवात झाली. हा खडबडीतपणा बोटाला कळत नाही, १ ते २ मायक्रॉनचा असतो. पण रक्ताच्या गाठीतले तंतू त्या खाचखळग्यांना धरून राहतात, हाड घडवणाऱ्या पेशी त्या तंतूंवरून चालत थेट धातूपर्यंत पोचतात आणि तिथूनच हाड टाकायला लागतात. गुळगुळीत स्क्रूवर तंतू सुटतात आणि हाडाला लांबून, जुन्या कडेकडून सरकत यावं लागतं. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बांधलेला पूल लवकर जुळतो, तसंच हे. यामुळे चांगल्या हाडात तीन-चार महिन्यांची वाट सहा ते आठ आठवड्यांवर आली. अर्ध्या शतकात या क्षेत्रात झालेली हीच सगळ्यांत मोठी सुधारणा, असं माझं मत आहे. आट्यांच्या नव्या नव्या नमुन्यांची जाहिरात जास्त होते, पण फरक जास्त पाडला तो खडबडीतपणाने.

घट्टपणा मोजायचा कसा? स्क्रू बसवताना डॉक्टरांच्या हातातला रॅचेट पाना सांगतो की फिरवायला किती जोर लागला. लगेच दात बसवायचा असेल तर साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर हवा, असं बरेच जण मानतात. एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साडेतीन किलोंचं वजन टांगल्यावर जेवढी पिळणूक होईल, तेवढी. पण हे मोजमाप एकदाच मिळतं, स्क्रू बसताना. नंतर पुन्हा पिळून पाहिलं तर आपणच जोड तोडू. यावर नील मेरेडिथ या संशोधकाने १९९६ च्या सुमारास उपाय मांडला. बाजारात माठ घेताना बाई तो बोटाने टिचकी मारून वाजवतात. पक्का माठ खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. इम्प्लांटवरही एक छोटी दांडी लावून ती कंप पावते तो वेग मोजतात. हाडाने घट्ट धरलेला स्क्रू भराभर थरथरतो, सैल संथपणे. त्यावरून १ ते १०० मधला आकडा येतो. ७० च्या वर असेल तर निर्धास्त, ६० च्या खाली असेल तर थांबा. खुंटा न हलवता बळकटी कळते. चौथ्या आठवड्यात आकडा थोडा उतरलेला दिसला तर घाबरायचं नाही, खड्डा तोच आहे. पुढे तो चढतो का, हे पाहायचं.

आता परत त्या बाईंकडे. समजा त्यांनी आश्विनात, टोळी निघायच्या आठ दिवस आधी स्क्रू बसवून घेतला, पुढे वेळ मिळणार नाही म्हणून. मग तिसरा-चौथा आठवडा कुठे येतो? उसाच्या फडावर. पहाटे उठून तोड, मोळी बांधून डोक्यावर घेणं, गाडी भरणं. जड ओझं उचलताना माणूस नकळत दात आवळतो. भूक लागली की हातातलं कांडं दातांनीच सोलून खातो. दुखलं तरी खाडा करता येत नाही, कारण मुकादमाची उचल अंगावर आहे आणि कोयता दोघांचा असतो, एक बसला की दोघांची मजुरी बुडते. आणि दिवसातून दोनदा मिसरी. भाजलेल्या तंबाखूची ही पूड बोटाने हिरडीवर घासतात. त्यात निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, नव्या हाडाला लागणारं रक्त कमी करतं, आणि घासणारं बोट नेमकं त्याच जागी दाब देतं जिथे स्क्रू भरून येतोय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिसरीचा डबा अनेक घरांत देवळीतच असतो. इथे जगातला सर्वोत्तम आटाही हतबल आहे.

तोच स्क्रू वैशाखात, फडावरून परतल्यावर बसवला तर? खालच्या जबड्याला चार महिने धरले तरी गणपतीच्या आगेमागे कॅप बसते. दसऱ्याला बाई फडावर निघतील तेव्हा हाडाची दुसरी पकड पुरी झालेली असेल. वरच्या जबड्याचा मामला असेल तर सहा महिने लागू शकतात, आणि मग वैशाखही उशिराचा ठरतो. तिथे खडबडीत पृष्ठभाग आणि निमुळती घडण यांनी वाचवलेले दोन महिने हे ऐषारामाचे राहत नाहीत, एका कुटुंबाच्या हंगामाचा प्रश्न होतात. घडणीचं मोल उमापूरला असं कळतं, शहरात तितकं कळत नाही. पेरणीची तारीख जशी पावसावर ठरते, तशी या स्क्रूची तारीख फडावर ठरायला हवी, आणि डॉक्टरांनी ‘कामाला कधी निघणार?’ हा प्रश्न रक्तातली साखर विचारण्याच्या आधी विचारायला हवा. साखरही विचारायलाच हवी. ताब्यात नसलेला मधुमेह हाडाचं विणकाम मंदावतो.

‘एका दिवसात फिक्स दात’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. ते खोटं नाही. जबड्यात चार किंवा जास्त स्क्रू बसवून, ते सगळे एका पट्टीने एकमेकांना बांधून त्याच दिवशी दात लावता येतात, कारण एकत्र बांधलेले स्क्रू एकमेकांना हलू देत नाहीत. एकट्या दाढेला तो आधार नसतो. तिथे लगेच कॅप लावली तरी ती समोरच्या दाताला टेकणार नाही इतकी बुटकी ठेवतात, दिसण्यापुरती. त्याच कॅपने त्या रात्री मटण चावलं तर खड्डा येईपर्यंतही थांबावं लागत नाही.

या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि ती लिहिताना मन जड होतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली, त्यांतल्या अनेकजणी अगदी तरुण. त्या शस्त्रक्रियेत अंडाशयंही काढली गेली असतील तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम तुटतं आणि हाडं वयाच्या आधी विरळ होऊ लागतात. मणका, खुबा यांच्याबरोबर जबड्याचं आतलं जाळीदार हाडही त्यातून सुटत नाही. म्हणजे चाळिशीतल्या बाईच्या तोंडात साठीचा पांगारा असू शकतो. म्हणून तिच्या तपासणीत फक्त दातांचा एक्स-रे पुरत नाही. कोणतं ऑपरेशन झालं, कधी झालं, हाडं टिकवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत का, हे विचारायलाच हवं. त्या गोळ्यांपैकी काहींमुळे क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. विरळ हाड म्हणजे इम्प्लांट अशक्य, असं मात्र नाही. तिथे खोल आटे, निमुळता आकार, लहान भोक, खडबडीत पृष्ठभाग आणि जास्त महिने, असं सगळं एकत्र वापरावं लागतं. घडण आणि संयम यांचा इथे एकमेकांना आधार लागतो.

काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडल्या की रोवलेला खांब ढिला होतो, हे उमापूरच्या पोरालाही माहीत असतं. खांबाचं लाकूड तेच, बदलली ती माती. इम्प्लांटचंही पुढे आयुष्यभर तसंच असतं. हाडाला धरून बसलेला स्क्रूही हिरडीची निगा नसेल तर वर्षांनी सैल होऊ शकतो, आणि वरची कॅप धरणारा छोटा स्क्रू मध्येच ढिला पडणं तर अगदी सामान्य आहे. तो घट्ट करायला पाच मिनिटं लागतात, पण त्या बनावटीचाच चावीसारखा पाना हवा. सांगलीकडच्या किंवा बेळगावकडच्या एखाद्या दवाखान्यात तुम्ही तोंड उघडून बसाल, तर तिथल्या डॉक्टरांना नुसतं पाहून बनावट ओळखता येईलच असं नाही.

स्क्रूच्या पाकिटावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर बनावट, जाडी, लांबी आणि लॉटचा क्रमांक छापलेला असतो. ती पट्टी डॉक्टरांकडून मागून घ्या, कागदावर चिकटवून त्यावर बसवल्याची तारीख लिहून घ्या, आणि रेशनकार्ड ठेवता त्याच पिशवीत ठेवा. फडावर जाताना ती पिशवी बरोबर असू द्या.